पालेंके: चियापासच्या जंगलातली माया नगरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया संस्कृतीचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास दोन गोष्टी ऐकू येतात. एक, 2012 साली जग बुडणार होतं ती. दुसरी, परग्रहावरून आलेल्यांची. पालेंकेच्या लोकांनी आपली हकीकत स्वतःच दगडात कोरून ठेवली आहे आणि ती आज वाचता येते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

पालेंके नेमकं कुठे आहे?

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, चियापास राज्यात. चियापासचे डोंगर जिथे संपतात आणि ताबास्कोचं सपाट मैदान सुरू होतं, नेमक्या त्या उतारावर हे शहर वसलं आहे. पाठीशी दाट जंगलाने झाकलेले डोंगर आणि समोर नजर पोचेल तिथवर मैदान. पाऊस भरपूर, त्यामुळे डोंगरातून ठिकठिकाणी ओढे उतरतात आणि ते थेट शहरातून वाहतात. 1987 साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

हे नाव मायांनीच दिलेलं का?

नाही. 'पालेंके' हा स्पॅनिश शब्द आहे, अर्थ लाकडी खांबांचं कुंपण किंवा तटबंदी. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरू या भागात आले तेव्हापासून हे नाव चालत आलं. जुन्या शिलालेखांत शहराचं नाव लाकमहा असं येतं, म्हणजे 'मोठं पाणी'. शहरातून किती ओढे वाहतात हे पाहिलं की नाव कुठून आलं ते वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या राज्याचं नाव मात्र बाकाल, म्हणजे 'हाड'. इथले राजे स्वतःला बाकालचे पवित्र स्वामी म्हणवून घेत.

माया आणि अ‍ॅझ्टेक एकच ना?

एक नाहीत. अ‍ॅझ्टेक मध्य मेक्सिकोतले. पालेंके ओस पडून पाच-साडेपाच शतकं झाली तेव्हा कुठे त्यांनी आपली राजधानी वसवली. इंका तर दक्षिण अमेरिकेतले, पेरूच्या बाजूचे. मायांचा मुलूख म्हणजे आजचा दक्षिण मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होन्डुरास-एल साल्वादोरचा काही भाग. हे एकसंध साम्राज्य कधीच नव्हतं. शेजारशेजारची स्वतंत्र नगरराज्यं होती. ती एकमेकांत लग्नं करायची आणि एकमेकांवर चालूनही जायची.

महाभारतातल्या मयासुराशी यांचा संबंध आहे का?

मयसभा उभारणारा मय दानव आणि मंदिरं बांधणारे माया. नावं इतकी जवळची आहेत की हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येणारच. पण उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. 'माया' हे नाव युकातान द्वीपकल्पातून आलं आणि पुढे युरोपीय अभ्यासकांनी ते या सगळ्या लोकांना सरसकट लावलं. पालेंकेचा राजा स्वतःला माया म्हणत नव्हता. त्याच्या लेखी तो बाकालचा होता. या लोकांची भाषा, लिपी, देव, धान्य हे सगळं तिथल्याच मातीत घडलं.

गंमत म्हणजे असा संबंध जोडण्याची हौस जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात वाल्डेक नावाचा चित्रकार पालेंकेला राहिला. तिथल्या कोरीव चिन्हांत त्याला हत्तीची डोकी दिसली आणि चित्रांतही त्याने ती तशीच काढली. प्रत्यक्षात ते लांब नाकाच्या देवतांचे चेहरे आहेत. मायांच्या जंगलात हत्ती नव्हते.

शहर किती जुनं आहे?

लिखित राजवंश सुरू होतो इ.स. 431 पासून. त्या वर्षी कुक बाहलाम पहिला गादीवर आला. 'कुक' म्हणजे केत्साल पक्षी आणि 'बाहलाम' म्हणजे जॅग्वार. सहावं शतक संपता संपता शहराचे वाईट दिवस आले. पूर्वेकडच्या कालाक्मुल या बलाढ्य राज्याने इ.स. 599 आणि 611 साली लाकमहावर हल्ले केले. आज आपण पाहतो ती सुंदर वास्तू जवळजवळ सगळी त्यानंतरची आहे. मला पालेंकेबद्दल सर्वांत जास्त ओढ वाटते ती यामुळेच. दोनदा लुटलं गेलेलं हे शहर पुढच्या शंभर वर्षांत असं उभं राहिलं की माया शिल्पकलेचं नाव काढलं की पहिल्यांदा तेच आठवावं.

पाकाल कोण होता?

पालेंकेचा राजा किनिच जनाब पाकाल. जन्म इ.स. 603, राज्यारोहण 615, मृत्यू 683. बारा वर्षांचा असताना गादीवर बसला आणि 68 वर्षं राज्य केलं. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, साधारण याच सुमारास इकडे बदामीचा दुसरा पुलकेशी राज्यावर होता.

पाकालला गादी वडिलांकडून मिळाली नव्हती. ती आली आईकडून. राजवाड्यातल्या एका लंबगोल शिल्पपटावर त्याची आई साक कुक मुलाला राजमुकुट देताना दाखवली आहे. मुलगा दोन तोंडांच्या जॅग्वारच्या आसनावर बसला आहे, आई बाजूला बसून मुकुट पुढे करते आहे. मुलाच्या अंगावर फारसे दागिनेही नाहीत. हल्ल्यात होरपळलेल्या घराण्याने राज्य पुन्हा हातात घेतल्याचा तो क्षण आहे.

पाकालनंतर त्याचा मोठा मुलगा कान बाहलाम (684 ते 702) आणि मग धाकटा कान होय चिताम गादीवर आले. धाकट्याला 711 साली दक्षिणेकडच्या तोनिना राज्याने पकडलं. दोरीने बांधलेल्या कैद्याच्या रूपात त्याचं शिल्प तोनिनामध्ये सापडलं आहे.

पाकालची समाधी कशी सापडली?

ही हकीकत सावकाश सांगण्यासारखी आहे.

शिलालेखांचं मंदिर हे पालेंकेतलं सर्वांत उंच देऊळ. पायऱ्यापायऱ्यांच्या पिरॅमिडवर पाच दारांची वास्तू, आत तीन मोठ्या शिळा आणि त्यांवर 617 चिन्हगटांचा लेख. मंदिराचं नावही या लेखावरूनच पडलं. मेक्सिकोतले पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस लुइलिएर 1949 साली इथे काम करू लागले. मंदिराच्या फरसबंदीतल्या एका शिळेकडे त्यांचं लक्ष गेलं. तिला दोन ओळींत भोकं होती आणि ती दगडी बुचांनी बंद केलेली होती. ही भोकं शिळा उचलायलाच असणार, हे त्यांनी ताडलं. शिवाय मंदिराच्या भिंती फरशीपाशी थांबत नव्हत्या, त्या खालपर्यंत गेलेल्या दिसत होत्या. म्हणजे खाली काहीतरी होतं.

शिळा उचलली तर खाली जिना, आणि तो दगडमातीने ठासून भरलेला. तो मोकळा करायला चार हंगाम लागले. हवा कोंदट, अंधार, ओल, आणि एकेक दगड हाताने वर आणायचा. जिना खाली जाऊन मध्येच वळतो आणि पिरॅमिडच्या पोटातून जमिनीच्या पातळीपर्यंत उतरतो. तळाशी एका दगडी पेटीसारख्या जागेत पाच-सहा माणसांची हाडं होती. राजाबरोबर बळी दिलेली ही माणसं. त्यांच्या पलीकडे एक त्रिकोणी शिळा उभी. जून 1952 मध्ये ती बाजूला झाली आणि सुमारे तेराशे वर्षांनी त्या दालनात माणसाचं पाऊल पडलं.

आत भिंतींवर चुन्यात घडवलेल्या नऊ मूर्ती. मधोमध प्रचंड दगडी शवपेटी, तिच्यावर जवळजवळ 4 मीटर लांबीचं कोरीव झाकण. इतकं जड झाकण उचलायचं कसं? त्यांनी झाडांचे ओंडके आणि मोटारीचे जॅक लावून ते इंच इंच वर घेतलं. आत सांगाडा होता, जेड या हिरव्या दगडाच्या दागिन्यांनी मढलेला आणि हिंगुळाच्या लाल भुकटीने माखलेला. चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा, दोन्ही हातांत जेड, तोंडातही जेडचा मणी.

ही शवपेटी जिन्यातून खाली नेणं अशक्य आहे, ती तेवढी मोठी आहे. म्हणजे आधी दालन आणि पेटी तयार झाली, मग तिच्यावर पिरॅमिड चढला. पाकालने आपली समाधी जिवंतपणी सुरू करवली आणि त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. समाधीपासून जिन्याच्या कडेकडेने वर मंदिरापर्यंत एक पोकळ दगडी नळी नेलेली आहे. मेलेल्या राजाशी जिवंतांचा संवाद राहावा म्हणून ती केली, असं मानलं जातं.

याआधी अमेरिकेतले पिरॅमिड म्हणजे देवळांचे नुसते चौथरे, असा सर्वसाधारण समज होता. तो त्या जूनमध्ये बदलला. रुस 1979 साली वारले. त्यांची समाधी याच मंदिरासमोर आहे.

शवपेटीच्या झाकणावर यान चालवणारा अंतराळवीर कोरला आहे ना?

नाही, आणि हा प्रश्न मला जरा लागतो. झाकणाचा फोटो आडवा धरला की रॉकेटमध्ये बसलेला माणूस दिसतो, असं सांगून गेली कित्येक वर्षं लोकांना भुलवलं जातं. झाकण उभं धरा, म्हणजे ते घडवणाऱ्याने धरलं तसं. खाली पाताळाचा आ वासलेला जबडा. त्यातून वर येणारं जगाचं झाड, त्याच्या शेंड्यावर दैवी पक्षी. झाडाच्या बुंध्याशी पाकाल, मक्याच्या देवासारखा नटलेला. मका जमिनीत पुरला जातो आणि पुन्हा उगवतो, तसा राजाही उगवणार, असा तो अर्थ. हेच झाड आणि हाच पक्षी पालेंकेतल्या इतर शिल्पांतही आहे.

आणि झाकणाच्या कडेला काय लिहिलं आहे? पाकालची जन्माची नि मृत्यूची तारीख आणि त्याच्या पूर्वजांच्या निधनतिथी. म्हणजे घराण्याची वंशावळच. पेटीच्या बाजूंवर तेच पूर्वज जमिनीतून फळझाडांच्या रूपाने उगवताना कोरले आहेत. आईच्या पाठीशी कोकोचं झाड. इतरांच्या पाठीशी अव्होकॅडो, पेरू, चिकूच्या जातीची झाडं. पेरू आणि चिकू! घोलवडच्या वाडीतला चिकू मूळचा याच मुलखातला, पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांच्या काळात तो तिथून जगभर फिरला. आजी-आजोबा फळबागेसारखे उगवून आलेत, ही कल्पना ज्याने दगडात उतरवली त्याच्या हातून काम काढून घेऊन ते परग्रहवासीयांना देणं मला अन्यायाचं वाटतं.

'लाल राणी' कोण?

1994 साली, शिलालेखांच्या मंदिराला लागूनच असलेल्या छोट्या मंदिरात फॅनी लोपेस हिमेनेस या तरुण पुरातत्त्वज्ञ बाईंना एक बंद दार दिसलं. आत शवपेटी, आणि सांगाडा हिंगुळाने इतका लाल की तेच नाव पडलं. चेहऱ्यावर मॅलाकाइट या हिरव्या खनिजाचा मुखवटा. पेटीवर एकही अक्षर नव्हतं. डीएनए तपासणीत ती पाकालच्या रक्ताची नसल्याचं दिसलं, म्हणजे आई असण्याची शक्यता मागे पडली. आज बहुतेक अभ्यासक तिला पाकालची पत्नी त्साकबू अहाव मानतात. ती 672 साली वारली.

लोखंड नाही, चाकाची गाडी नाही, बैल-घोडे नाहीत. मग हे बांधलं कसं?

माणसांच्या पाठीवर. आणि चुन्यावर. इथला चुनखडीचा दगड थरांत निघतो, त्यामुळे पातळ फरशा मिळतात. तोच दगड भट्टीत भाजला की चुना. दगडी हत्यारांनी दगड घडवायचा, चुन्यात बसवायचा आणि वरून गिलावा. पालेंकेचे कारागीर या गिलाव्यातच चेहरे, मुकुट, पिसं घडवत. मग रंग देत, बहुतेक लाल. आज करडी दिसणारी ही देवळं एकेकाळी लालभडक होती.

छताची युक्ती मराठी वाचकाला समजावणं सोपं आहे. आपल्या हेमाडपंती देवळाच्या मंडपात वर पाहिलं तर दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवून छत मिटवलेलं दिसतं. मायांनीही तेच केलं. खरी कमान त्यांनी वापरली नाही. दोन्ही भिंतींचे दगड थरथराने आत आणायचे आणि वर एका चपट्या दगडाने झाकायचे. अडचण अशी की या पद्धतीत भिंती फार जाड लागतात आणि खोली बोळासारखी अरुंद होते. तिकालसारख्या इतर माया शहरांत अशाच खोल्या आहेत.

पालेंकेच्या स्थपतींनी यातून वाट काढली. त्यांनी दोन दालनं शेजारी शेजारी ठेवली आणि मधली भिंत दोघांना सामाईक केली. दोन्ही छतं एकमेकांना रेटून धरतात. बाहेरून छप्पर उतरतं केलं, त्यामुळे वजन घटलं आणि पावसाचं पाणीही ओघळून जाऊ लागलं. मधल्या भिंतीवर जाळीदार दगडी तुरा उभारला. परिणाम असा की भिंती पातळ, दारं रुंद आणि आत उजेड. माया जगात इतकी मोकळी दालनं विरळाच.

हे सगळं एकत्र अनुभवायचं असेल तर राजवाडा पाहावा. मोठ्या चौथऱ्यावर चौक, ओसऱ्या, भुयारी वाटा आणि मधोमध चौकोनी मनोरा. असा मनोरा दुसऱ्या कुठल्याही माया शहरात ठाऊक नाही. भिंतींत इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या खिडक्या आहेत. मायांच्या लिपीत तो आकार म्हणजे वारा. पूर्वेच्या चौकात गुडघे टेकलेल्या कैद्यांच्या ओबडधोबड शिळा लावल्या आहेत, भेटायला येणाऱ्या पाहुण्याला राजाची ताकद कळावी म्हणून.

'क्रूसाचं मंदिर' म्हणजे ख्रिस्ती देऊळ का?

नाही. नाव नंतरच्या युरोपीय प्रवाशांनी ठेवलं. तो क्रूस म्हणजे पाकालच्या झाकणावरचंच जगाचं झाड. क्रूस, पालवी फुटलेला क्रूस आणि सूर्य अशा नावांची ही तीन मंदिरं कान बाहलामने 692 साली तीन कुलदेवतांना अर्पण केली. प्रत्येकाच्या आत गाभाऱ्यासारखी छोटी छप्पर असलेली खोली आहे. तिथल्या पटांवर राजा दोनदा दिसतो, एकदा लहान मुलगा म्हणून आणि एकदा गादीवर बसतानाचा प्रौढ म्हणून.

पाण्याचं काय करत?

बहुतेक माया शहरांना पाणी साठवायची चिंता. पालेंकेला उलटी चिंता होती, पावसाळ्यात एवढं पाणी घालवायचं कुठे आणि डोंगरउतारावर सपाट जागा आणायची कुठून. ओतुलुम हा मुख्य ओढा त्यांनी दगडी छताच्या बंदिस्त पाटात घातला आणि वर चौक केला. एका उत्तरानं दोन्ही प्रश्न सुटले. दुसऱ्या एका पाटाची वाट उतारावर एकाएकी अरुंद होते, त्यामुळे पाणी दाबाने बाहेर पडत असावं असं संशोधकांनी दाखवलं आहे. 2016 साली शिलालेखांच्या मंदिराखालीही पाण्याचे पाट सापडले. 1998 ते 2000 च्या मोजणीत सुमारे 2.2 चौरस किलोमीटरमध्ये 1,481 वास्तू नोंदल्या गेल्या. पाणी ताब्यात नसतं तर एवढी दाटी जमलीच नसती.

ही लिपी वाचली कुणी?

एकट्यादुकट्याने नाही. योगायोग असा की समाधी उघडली त्याच 1952 साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाने मांडलं की मायांची बरीच चिन्हं उच्चार दाखवतात आणि प्रत्येक चिन्ह म्हणजे व्यंजन अधिक स्वर. रोमन लिपीत वाढलेल्यांना हे पटायला वेळ लागला. आपल्याला लागू नये, कारण आपलं प्रत्येक अक्षर तेच करतं. राजाचं नाव कधी ढालीचं चित्र काढून लिहिलेलं आहे, कारण 'पाकाल' म्हणजे ढाल. कधी ते पा-का-ला अशा तीन चिन्हांत आहे, आणि शेवटचा 'आ' उच्चारायचा नाही. 'राम' लिहिताना शेवटच्या म मधला अ आपण गिळतो, अगदी तसंच.

1960 साली तातियाना प्रोस्कुरियाकोव्ह यांनी दुसऱ्या एका शहराच्या लेखांवरून दाखवलं की हे लेख राजांच्या जन्म-मृत्यूचे आणि राज्यारोहणाचे आहेत. मग डिसेंबर 1973 मध्ये पालेंके गावात मर्ल ग्रीन रॉबर्टसन यांच्या पुढाकाराने एक परिषद भरली. तिथे लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी एका दुपारी एकत्र बसले आणि पालेंकेच्या राजांची मालिका त्यांनी क्रमाने लावून दाखवली. शील मूळच्या चित्रकार, मॅथ्यूज तेव्हा विद्यार्थी. बाराशे वर्षं गप्प असलेली माणसं त्या दुपारी नावानिशी परत आली.

मायांनी 2012 ला जगाचा शेवट सांगितला होता ना?

त्यांच्या दीर्घ कालगणनेतला एक मोठा टप्पा 21 डिसेंबर 2012 च्या सुमारास पुरा झाला, एवढंच. शिलालेखांच्या मंदिरातच याचं उत्तर कोरलेलं आहे. तिथे पाकालच्या राज्यारोहणाच्या तिथीची पुनरावृत्ती पुढे मोजत नेली आहे, थेट इ.स. 4772 च्या ऑक्टोबरपर्यंत. त्या दिवसाचीही तिथी त्यांनी तेव्हाच काढून ठेवली होती.

शहर ओस का पडलं?

शेवटची लिखित तारीख 799 सालची, एका मातीच्या भांड्यावरची. त्यानंतर लेख थांबतात आणि हळूहळू लोकही पांगतात. दक्षिणेतली बहुतेक माया शहरं नवव्या शतकात रिकामी झाली. सततच्या लढाया, दुष्काळ, जमिनीवर वाढलेला ताण, राजांवरचा उडालेला विश्वास, अशी कारणं दिली जातात. पालेंकेला पाणी मुबलक होतं, तेव्हा नुसत्या दुष्काळावर बोट ठेवून इथलं कोडं सुटत नाही. शेजारच्या राज्यांशी चाललेली झुंज आणि व्यापाराच्या वाटा बंद होणं, याकडे माझा कल आहे.

आज जाता येतं का? समाधी पाहता येते?

जाता येतं. पालेंके गावापासून अवशेष 8 किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि 2023 च्या अखेरीपासून 'त्रेन माया' रेल्वेही गावापर्यंत येते. समाधीचं दालन मात्र बंद आहे. माणसांच्या श्वासाने तिथे दमटपणा वाढतो आणि गिलावा सुटतो. शवपेटी अजून जागच्या जागी आहे आणि तिची हुबेहूब प्रतिकृती तिथल्याच संग्रहालयात आहे. जेडचा मुखवटा मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. 1985 च्या नाताळात तो चोरीला गेला होता, 1989 मध्ये परत मिळाला. पाहायला गेलात तर सकाळी लवकर जा. धुकं असतं, आणि हाउलर माकडांचं ओरडणं अख्ख्या डोंगरात घुमतं.

आणि माया लोक? ते नाहीसे झाले ना?

कुठेही नाहीसे झाले नाहीत. शहरं सुटली, माणसं राहिली. मेक्सिको आणि ग्वातेमालात लक्षावधी लोक आज माया भाषा बोलतात, आणि अशा भाषा तीसच्या आसपास आहेत. पालेंकेच्या आजूबाजूच्या गावांत चोल आणि त्सेल्ताल लोक राहतात, मका पिकवतात. शिलालेखांची भाषा चोलच्या जवळच्या घराण्यातली आहे. लाकमहा या नावातला 'हा' म्हणजे पाणी, आणि चोल माणूस ओढ्यातून भरून आणलेल्या पाण्याला आजही 'हा' असंच म्हणतो.